डेस्कटॉप प्रोग्राम अडला, आता काय? नवशिक्यांच्या नेहमीच्या अडचणी आणि मदत मागण्याची रीत

डेस्कटॉप ॲप्लिकेशन म्हणजे ब्राउझर न उघडता थेट कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम. दुकानातलं बिलिंग, हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, क्लासच्या फीचा हिशेब, दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदी अशी कितीतरी कामं आजही अशा प्रोग्रामांवर चालतात. बीसीए, बीएस्सी किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणूनही अनेकजण असंच काहीतरी निवडतात. मग एका रात्री प्रोग्राम अडतो आणि मदतीची शोधाशोध सुरू होते. या लेखात सी शार्प, विंडोज फॉर्म्स आणि त्यामागे ॲक्सेस किंवा एसक्यूएल सर्व्हर ही नवशिक्यांची नेहमीची जोडी घेऊ. जावाचं स्विंग किंवा पायथॉनचं टीकिंटर वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिकची पहिली आवृत्ती आणली. त्याआधी विंडोजवर साधी रिकामी खिडकी दाखवायलाही सी भाषेत कितीतरी ओळी लिहाव्या लागत. आता मात्र बटण ओढून फॉर्मवर ठेवायचं, त्यावर डबल क्लिक करायचं आणि दोन ओळी लिहायच्या. २००२ मध्ये डॉट नेट आलं, त्यातल्या विंडोज फॉर्म्सनेही हीच पद्धत चालू ठेवली. सुरुवात सोपी झाली हे खरं, पण खिडकी कोणी काढली, क्लिक कुठून आलं, फाइल कुठे लिहिली गेली हे सगळं पडद्याआड गेलं. म्हणून अडल्यावर नेमकं काय विचारायचं हेच समजत नाही.

सेव्ह केलेला डेटा गेला कुठे?

ही बहुधा सगळ्यात जास्त छळणारी अडचण. प्रोग्राम चालवला, दहा विद्यार्थी भरले, "सेव्ह झाले" असा मेसेज आला, यादीतही दिसले. बंद करून पुन्हा चालवलं तर यादी रिकामी. एररही नाही. मग सेव्हचा कोड चुकला असणार असं धरून तो चार वेळा नव्याने लिहिला जातो. कोड मात्र पहिल्यापासून बरोबरच असतो.

घडतं ते असं. डेटाबेसची फाइल प्रोजेक्टमध्ये जोडली की तिची मूळ प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये राहते. प्रोग्राम बिल्ड करताना व्हिज्युअल स्टुडिओ तिची एक नक्कल 'बिन' फोल्डरमधल्या 'डीबग' फोल्डरात टाकतो. तुमचा प्रोग्राम लिहितो ते या नकलेत. पुढच्या बिल्डला रिकामी मूळ प्रत पुन्हा त्या नकलेवर येऊन बसते आणि दहा विद्यार्थी पुसले जातात. खात्री करायला तुम्ही मूळ फाइल उघडता, तिथेही काही नसतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

उपाय एका सेटिंगचा आहे. सोल्यूशन एक्स्प्लोररमध्ये फाइल निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी' या ठिकाणी 'कॉपी ऑल्वेज' असेल तर 'कॉपी इफ न्यूअर' करा. मात्र मूळ फाइलमध्ये नंतर काही बदल केला तर ती नवी ठरते आणि पुन्हा नकलेवर जाऊन बसते, हे लक्षात असू द्या. प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर बसवताना डेटाबेस 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका. तिथे साध्या युजरला लिहिण्याची परवानगी नसते. त्यासाठी विंडोजने ॲप्लिकेशन डेटाचा वेगळा फोल्डर दिलेला आहे.

दुसऱ्या फॉर्मवरून पहिला फॉर्म बदलेना

पहिल्या फॉर्मवर ग्राहकांची यादी आहे. दुसऱ्या फॉर्मवर नवा ग्राहक भरला, आता यादीत त्याचं नाव यायला हवं. नवशिका दुसऱ्या फॉर्ममध्ये 'न्यू' हा शब्द वापरून पहिला फॉर्म बनवतो आणि त्यात नाव टाकतो. एरर नाही, पण पडद्यावर काही बदलत नाही.

'न्यू' म्हटलं की नवी वस्तू तयार होते. तुम्ही नाव टाकलंत ते त्याच नकाशाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये; लोक राहतात तो फ्लॅट वेगळा. दुसरा फॉर्म उघडतानाच त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्या फॉर्मचा रेफरन्स द्यावा, किंवा दुसऱ्या फॉर्मने काम झाल्याचा इव्हेंट द्यावा आणि पहिल्याने तो ऐकावा. व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मचं नुसतं नाव लिहिलं तरी चालून जातं, त्यामुळे तिकडून सी शार्पकडे आलेले लोक इथे हमखास अडकतात.

'नॉट रिस्पॉन्डिंग'

विंडोज फॉर्म्सच्या प्रोग्राममध्ये खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं, कीबोर्ड वाचणं हे सगळं एकच थ्रेड करतो. एकाच कारकुनाची बँक म्हणा हवं तर. बटणाच्या कोडमध्ये पन्नास हजार नोंदी वाचायला लावल्या की कारकून आत गेला आणि बाहेर रांग थांबली. खिडकीने ५ सेकंद रांगेतले मेसेज उचलले नाहीत, की विंडोज ती अडकली असं समजतं, फिकट करतं आणि शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. प्रोग्राम बंद पडलेला नसतो, कामात असतो.

यावर इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे लूपमध्ये 'डू इव्हेंट्स' टाका. त्याने खिडकी हलते खरी, पण युजर तेच बटण पुन्हा दाबू शकतो आणि आधीचं काम अर्धवट असतानाच ते नव्याने सुरू होतं. बिलिंगच्या प्रोग्राममध्ये याचा अर्थ एकच बिल दोनदा. सरळ मार्ग 'असिंक' आणि 'अवेट'चा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून ते सी शार्पमध्ये आहेत. काम चालू असेपर्यंत बटणही निष्क्रिय ठेवा.

दुसऱ्या थ्रेडवरून थेट लेबल बदलायला गेलात तर 'क्रॉस थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' अशी एरर येते. ती तपासणीच बंद करायची एक ओळ मिळते आणि उत्साहाने वाटलीही जाते. घरात धूर झाल्यावर अलार्मची वायर काढण्यातला हा प्रकार आहे. त्या कंट्रोलच्या 'इन्व्होक' मेथडमधून काम करून घ्यावं.

एरर न देणाऱ्या चुका

वरच्या अडचणी निदान दिसतात. खरी भीती दिसत नाहीत त्यांची. ॲक्सेसच्या क्वेरीमध्ये दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकन क्रमाने, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी वाचली जाते. तुम्ही ०५/०३/२०२४ म्हणजे ५ मार्च लिहिलंत, ॲक्सेसने ३ मे समजलं. गंमत अशी की १३/०३/२०२४ मात्र बरोबर वाचलं जातं, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांचा हिशेब चुकतो आणि उरलेला बरोबर येतो. कॉलेजमध्ये डेमो २० तारखेला झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच प्रोग्राम एखाद्या क्लासला दिला की ५ तारखेला भरलेली फी महिन्याच्या अहवालात दिसत नाही आणि पालकाला पुन्हा पैसे मागितले जातात.

याचं मूळ क्वेरी तुकडे जोडून बनवण्यात आहे. पॅरामीटर वापरले तर तारीख ही तारीख म्हणूनच पोचते. आणखी दोन फायदे होतात. वसई किंवा गोव्याकडच्या डिसोझांचं नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये ॲपॉस्ट्रॉफी येतो. तुकडे जोडलेली क्वेरी तिथेच तुटते, पॅरामीटरवाली तुटत नाही. आणि नावाच्या रकान्यात मुद्दाम क्वेरीचे तुकडे टाकून डेटाबेसशी खेळणं, ज्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, तेही थांबतं.

मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसणं हा खास आपल्याकडचा अनुभव. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना साध्या 'व्हारकॅर' प्रकारचा असेल तर देवनागरी अक्षरं साठवताना हरवतात. रकाना 'एनव्हारकॅर' हवा, आणि क्वेरीत मजकूर थेट लिहिला असेल तर अवतरणचिन्हाआधी कॅपिटल एन हवा. एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही. म्हणून हे पहिल्याच दिवशी तपासावं.

विचारायचं कसं

"माझा प्रोग्राम चालत नाही, अर्जंट" याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या तीन गोष्टी लागतात. एररचा मजकूर शब्दशः द्या. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढायची गरज नाही. विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सवर कंट्रोल आणि सी दाबलं तरी त्यातला मजकूर कॉपी होतो. "ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट" ही एरर असेल तर ती कोणत्या ओळीवर आली तेही सांगा. एफ ९ ने ब्रेकपॉइंट लावून एफ १० ने एकेक ओळ पुढे गेलात तर रिकामा व्हेरिएबल बहुतेक वेळा तुम्हालाच सापडतो.

आवृत्तीही लिहा. 'प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन' ही एरर बऱ्याचदा ३२ आणि ६४ बिटच्या गोंधळातून येते. जुनं जेट ४.० फक्त ३२ बिटचं आहे, ६४ बिटच्या प्रोग्रामला ते दिसतच नाही. ही माहिती नसेल तर मदत करणारा अंदाजच करत बसतो.

मूळ उद्देशही सांगा. "सेव्ह केल्यावर प्रोग्राम रीस्टार्ट कसा करू?" असं कोणी विचारलं तर त्याला खरं म्हणजे ग्रिडमधली यादी ताजी करायची असते. ते एका ओळीचं काम आहे.

सगळा प्रोजेक्ट झिप करून पाठवू नका. नवा रिकामा प्रोजेक्ट घ्या, एक बटण ठेवा आणि तेवढीच अडचण त्यात पुन्हा घडवून दाखवा. निम्म्या वेळा ते करतानाच उत्तर मिळतं. पाठवण्याआधी कनेक्शन स्ट्रिंगमधला पासवर्ड आणि पेशंटची किंवा ग्राहकांची खरी नावं, फोन नंबर काढून टाका. स्क्रीनशॉटमधूनसुद्धा.

आता बरेच जण आधी एआय चॅटबॉटला विचारतात. नेहमीच्या अडचणींवर तो झटकन उपयोगी उत्तर देतो, पण व्हिज्युअल बेसिक ६ आणि डॉट नेटची सरमिसळ करून, पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं उत्तरही देऊ शकतो. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं तिथे टाकायला बंदी घातली ती याच कारणाने. उत्तर माणसाकडून आलेलं असो की मशीनकडून, आधी डेटाबेसची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच कोड बदला. तारखेचा प्रश्न सोडवला असेल तर ५ मार्च आणि १३ मार्च अशा दोन नोंदी टाकून मार्चचा अहवाल काढा. दोन्ही दिसायला हव्यात, आणि मेच्या अहवालात एकही नाही.