तळटीप : अ‍ॅलिस मॅगॉ

* अ‍ॅलिस मॅगॉ (१८६०–१९२८) : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयात मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणाऱ्या परिचारिका. डॉ. चार्ल्स मेयो यांच्याशी १८९३मध्ये विवाह झाल्यावर एडिथ ग्रॅहम यांनी हे काम सोडले. ते मॅगॉ यांच्याकडे आले. तोंडावरच्या जाळीदार मुखवट्यावर ईथर थेंबाथेंबाने सोडायचे, रुग्णाशी धीराने बोलत राहायचे आणि श्वास, नाडी व चेहऱ्याचा रंग पाहत मात्रा कमी-अधिक करायची, ही त्यांची रीत. त्यामुळे औषध कमी लागे आणि रुग्ण गुदमरत नसे. भुलीमुळे एकही मृत्यू न झालेल्या १४,००० हून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा त्यांनी १९०६मध्ये प्रसिद्ध केला. रॉचेस्टरला येणारे शल्यचिकित्सक त्यांचे काम पाहून आपल्या परिचारिकांनाही ते शिकवू लागले. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ परिचारिकांची राष्ट्रीय संघटना १९३१मध्ये अ‍ॅगाथा हॉजिन्स यांनी स्थापन केली; परंतु परिचारिकेच्या हाती भूल सुरक्षित असते, हा विश्वास मॅगॉ यांनी त्याआधीच कमावला होता. या व्यवसायाच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी असायलाच हवे. – संपा.