काचेलाही कान असतात

१/ ‘भिंतींना कान असतात’ असे आपण सहज म्हणतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मॉस्कोत हे कान खिडकीच्या काचेला फुटले, तेही लेझरचा शोध लागण्यापूर्वी. त्याविषयी हा थ्रेड.

२/ तत्त्व साधे आहे. बोलण्याने हवेत उठणाऱ्या लहरी काचेवर आदळतात आणि काच नकळत थरथरते. बाहेरून तिच्यावर किरण टाकला, तर परावर्तित किरणात ती थरथर उतरते. तो किरण प्रकाशसंवेदी यंत्राने टिपून विद्युतसंकेतात बदलला, की खोलीतले शब्द पुन्हा ऐकू येतात.

३/ याचे मूळ १८८० सालच्या फोटोफोनमध्ये दिसते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित करून सुमारे २१३ मीटरवर बोलणे पोहोचवले. तिथे बोलणाऱ्याची संमती होती.

४/ संमतीविना ऐकणारे यंत्र घडवले लेव्ह तेरमेन यांनी. स्पर्श न करता वाजणाऱ्या ‘थेरेमिन’ वाद्याचे हे जनक. १९३९ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना अटक केली. कोलिमाच्या श्रमछावणीनंतर त्यांची रवानगी कैदी शास्त्रज्ञांच्या गुप्त प्रयोगशाळेत झाली.

५/ १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना लाकडी राजमुद्रा भेट दिली. तिच्यात तेरमेन यांचे श्रवणयंत्र दडलेले होते. ते १९५२ मध्ये सापडले.

६/ तेरमेन यांच्या ‘बुरान’ यंत्रणेत मात्र सापडण्याजोगे काहीच नव्हते. दुरून सोडलेला अदृश्य अवरक्त किरण दूतावासांच्या काचांवरून परतत असे. खोलीत ना तार, ना यंत्र. १९४७ मध्ये तेरमेन यांना स्टालिन पारितोषिक मिळाले.

७/ मे १९६० मध्ये दोन घटना घडल्या. १६ तारखेला थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. २६ तारखेला अमेरिकेने ती राजमुद्रा संयुक्त राष्ट्रांत पुरावा म्हणून मांडली. लेझरचा किरण दूरवरही फारसा पसरत नाही, म्हणून तो या कामास अधिक सोयीचा ठरला. अडचणी उरल्याच: परतणारा किरण नेमका ग्राहकावर पडावा लागतो, आणि वाऱ्याने वा रहदारीने हलणारी काच गोंगाटही सांगते. यावर खात्रीचा उपाय एकच, गुप्त बोलणी बिनखिडकीच्या खोलीत करणे.

८/ राजमुद्रा हाती लागली, म्हणून ती हेरगिरी जगापुढे सिद्ध करता आली. काचेवरून परतलेला किरण खोलीत काहीच मागे ठेवत नाही. आणि ज्याने हे घडवले, त्या कैद्याला स्वतःचे दार आतून लावण्याचीही मुभा नव्हती. इतरांचे खासगीपण भेदणारे यंत्र सत्तेने अशा माणसाकडून घडवून घेतले, ज्याचे स्वतःचे खासगीपण तिने आधीच हिरावले होते.