झील

आधी खिसे चाचपून बघा. मोबाईल नाही, गाण्यांची वही नाही. धोतर नेसलंय, गळ्यात टाळ आहे, पायाखाली चिखल. साल 1950 धरा. आषाढी वारीतली संध्याकाळ, गाव यवत, तालुका दौंड. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी भैरवनाथाच्या देवळात टेकली आहे आणि घराघरांतून पिठल्याच्या फोडणीचा वास सुटलाय. भूक लागली असेल, पण थांबा. आधी हरिपाठ.

दोन रांगा समोरासमोर, मध्ये वीणेकरी, बाजूला पखवाज. ज्ञानेश्वरांचे 27 अभंग, आणि तुम्हाला पुरते चारही येत नाहीत. ओठ नुसते हलवत राहावेत असं मनात येतं. शेजारच्या आजोबांच्या ते केव्हाच लक्षात आलंय. टाळ न थांबवता ते म्हणतात, ''माउली, पाय सोडा. शब्द येतील मागनं.''

पाय सोडता. समोरची रांग चरण म्हणते, तोच तुमच्या रांगेनं उचलायचा. म्हणजे कानावर एकदा पडल्याशिवाय एकही ओळ तोंडाकडून मागितली जात नाही. पाऊल टाळावर पडतं, शब्द पावलावर. अडखळलात तर उजवीकडचा म्हणतोच आहे, डावीकडचाही म्हणतोय. तुमचं गप्प राहणं त्या आवाजात कुणाला ऐकूही जात नाही. पुढच्या चरणाला पुन्हा आत शिरायचं. तासाभरानं ध्यानात येतं, की मघाशी न येणारे सहा-सात अभंग तुम्ही म्हणून गेलात. कुठून आले, सांगता येणार नाही.

सकाळी वाटचालीत तुकोबा लागतात, तेव्हा कारागिरी कळते. मोठ्या अभंगाची मोजणी सहा, सहा, सहा, चार अक्षरांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. दुसरा तोंडात आला की तिसऱ्याचं शेपूट हाताला लागतं. चौथा तोकडा, तिथं श्वास घ्यायचा. 'तुका म्हणे' आलं की समजावं, गाव जवळ आलं. शाळेत आम्हाला हे वृत्त म्हणून शिकवलं. फळ्यावर ते निर्जीव वाटायचं. ही पाठांतराची दोरी आहे हे चालल्याशिवाय कळत नाही. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरली ती लोकांच्या तोंडी होती म्हणून, असंही वारीत सांगतात. यवत सोडल्यावर ते खरंच वाटू लागतं.

आता चौफुल्याला दिंडीतून बाजूला व्हा. इथं सोलापूर रस्त्याला शिरूरची वाट फुटते. पुढे याच चौफुल्यावर संगीतबारीची कलाकेंद्रं उभी राहिली, पण आपल्याला थांबायचं नाही. भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून घोडनदीकडे, म्हणजे शिरूरकडे निघा. तिथून कवठे येमाईला. पोचेपर्यंत पंचवीस वर्षं सरतात.

कवठ्याला कनात लागलीय. हे तमाशाला लिहून देणारं गाव. बशीर मोमीन कवठेकर इथलेच. फडांसाठी त्यांनी लावण्या, गवळणी, वग लिहिले आणि 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. पण वही लिहिणाऱ्यापाशी राहते. आता तुम्ही फडातले. इथं कित्येकांना अक्षरओळख नाही, तुम्हालाही नाही. दुपारी पालाच्या सावलीत फडाचा सरदार एकेक कडवं तोंडानं देतो, तुम्ही तोंडानं घेता. ''सगळं डोक्यात कोंबू नको,'' तो म्हणतो. ''कडव्याचा पहिला शब्द बोटाला बांध. पाच कडवी, पाच बोटं. पुढचं ढोलकी ओढून काढील.''

पुष्कळ वगांना तर तेवढंही नाही. कथा सांगितली, सोंगं वाटली, बोलणं उभ्यानं रचायचं. 1930 च्या दशकात मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाला युगोस्लाव्हियातले गायक हजारो ओळींच्या कथा अशाच गाता गाता रचताना आढळले आणि होमरही असाच रचला गेला असावा या विचाराला बळ मिळालं. आपल्याकडे सोंगाड्या हे रोज रात्री करायचा. मात्र लावणीत ही मुभा नाही. तिथं शब्द म्हणजे शब्द.

रात्र चढलीय. गण झाला, गवळण झाली. तुम्ही पुढे येता. ढोलकी, कडं, तुणतुणं, झांज मागे. पहिलं कडवं सुटतं, अंगठा मिटतो. दुसरं सुटतं, तर्जनी मिटते. शिट्ट्या येतात. समोर कुणी फेटा उडवतो, नजर तिकडे जाते, आणि तिसऱ्या बोटावर काहीच नाही. पांढरं.

तुम्ही मागे वळत नाही, वळायचं नसतं. पण मागे पालुपद धरणाऱ्या झीलकऱ्यानं तुमचा श्वास ऐकलाय. पालुपद एकदा घ्यायचं असतं, ते तो पुन्हा उचलतो, सूर वर नेऊन लांबवतो. ढोलकीवाला त्याच्यासाठी एक आवर्तन जास्तीचं फिरतो. लोकांना वाटतं, रंग भरला. कनातीच्या कडेनं पैसा येतो. तुम्हाला तेवढ्यात दुपारचं पाल दिसतं, सरदाराचा पान खाल्लेला ओठ दिसतो, त्यावरचा शब्द दिसतो.

ढोलकीची थाप समेवर पडते. मधलं बोट मिटतं.