वाचकांच्या पैशातून कादंबरी: क्राउडफंडिंग नेमकं कसं चालतं?

कादंबरी लिहून झाली आहे, पण छापायला पैसे नाहीत. नेरसारख्या तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्यापुढे मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे, एखादा प्रकाशक स्वतःच्या खर्चाने काढेल म्हणून वाट बघायची. दुसरी म्हणजे, पदरचे पैसे घालून पुस्तक काढायचं आणि गठ्ठे घरात रचून ठेवायचे. क्राउडफंडिंग ही तिसरी वाट. पुस्तक छापण्याआधीच अनेक वाचकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि छापून झालं की प्रत्येकाला त्याची प्रत पोचवायची.

नाव नवं असलं तरी मराठीत ही पद्धत जुनीच आहे. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ आपल्या ओळखीची आहेच. त्यात वाचक पुस्तक न पाहता पैसे भरतो आणि त्या बदल्यात त्याला किंमत कमी पडते.

विदर्भातलं सर्वात मोठं उदाहरण ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. केतकर शिकले अमरावतीत, म्हणजे नेरच्या शेजारच्याच शहरात. पुढे अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन ते परतले. मराठीत ज्ञानकोश काढायला ना सरकारी पैसा होता, ना कुणी धनाढ्य प्रकाशक. म्हणून त्यांनी 1916 मध्ये नागपुरात ‘ज्ञानकोश मंडळ’ ही चक्क लिमिटेड कंपनी काढली, लोकांना भाग विकले, ग्राहक नोंदवले. 1920 पासून खंड येऊ लागले आणि शेवटी 23 खंड पुरे झाले. हा कोश होता, कादंबरी नव्हे, हे खरं. पण ‘ब्राह्मणकन्या’ लिहिणारे कादंबरीकारही हेच केतकर. पुढे या कामाचा इतिहासही त्यांनी स्वतंत्र पुस्तकात लिहून ठेवला. लोकांकडून पैसे घेणाऱ्याने असा लेखाजोखा द्यावा, हे आजही लागू आहे.

दुसरं उदाहरण ‘ग्रंथाली’चं. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशा मंडळींनी ही वाचक चळवळ उभी केली. सभासद आधी वर्गणी भरत आणि त्यांना पुस्तकं स्वस्तात मिळत. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) याच चळवळीतून आलं. दोन्ही आत्मकथनं तेव्हाच्या मराठी पुस्तकांच्या चाकोरीबाहेरची होती. पैसे भरणारा वाचक आधीच जोडलेला असला की असं धाडस सोपं जातं.

केरळात तर लेखकच एकत्र आले. 1945 मध्ये कोट्टायमला 12 लेखकांनी 120 रुपयांच्या भांडवलावर सहकारी प्रकाशन संस्था काढली.

आता इंटरनेटच्या काळातलं बघू. मार्च 2022 मध्ये अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी किकस्टार्टरवर 4 कादंबऱ्यांसाठी महिनाभरात 4 कोटी 17 लाख डॉलर जमवले. आधार देणारे 1 लाख 85 हजारांहून जास्त. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यामागच्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. चारही कादंबऱ्या तेव्हा लिहून झाल्या होत्या, आणि वाचक त्यांनी अनेक वर्षांत जमवला होता.

उलट बाजू ब्रिटनमधल्या ‘अनबाउंड’ची. वाचकांच्या पैशावर पुस्तकं काढणारी ही कंपनी 2011 मध्ये सुरू झाली. तिच्यामार्फत आलेली पॉल किंग्जनॉर्थ यांची ‘द वेक’ ही कादंबरी 2014 मध्ये बुकरच्या लांब यादीत पोचली. पण 2025 मध्ये कंपनी बुडाली आणि लेखकांची मानधनं अडकली. पैसा मधल्या कुणाच्या खात्यात किती दिवस पडून राहतो, हे म्हणूनच आधी विचारायचं.

हिशेब कुठे चुकतो?

समजा, 500 प्रतींची छपाई, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ असा सगळा खर्च 70 हजार येतो. आगाऊ किंमत टपालखर्चासह 225 रुपये ठेवली. 70 हजारांना 225 ने भागलं की वाटतं, 312 वाचक पुरेत. पण प्रत्येक प्रतीमागे पॅकिंग आणि टपालाचे 50 रुपये गेले, तर हातात 175 च उरतात. म्हणजे वाचक हवेत 400. टपाल विसरलं की 15 हजारांचा खड्डा पडतो आणि तो लेखकाच्याच खिशातून भरावा लागतो.

टपालासाठी मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. आपलं पुस्तक त्यात बसतं का, हे किंमत ठरवण्याआधीच पोस्टात विचारून घ्या. आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

400 वाचक आणायचे कुठून?

फेसबुकवर हजार लाइक पडले म्हणजे हजार गिऱ्हाइकं मिळाली असं होत नाही. पैसे भरतात ती ज्यांनी आधी काहीतरी वाचलंय अशी माणसं. म्हणून दोन-तीन प्रकरणं आधी मोकळी करावीत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’सुद्धा ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत वाचकांपर्यंत गेली होती. सोबत लिहिणाऱ्यांचा उपयोग वेगळा. त्यांच्याकडून पैशापेक्षा कच्चा खर्डा वाचून घ्यावा आणि चुका काढून घ्याव्यात. त्यातले जे मनापासून वाचतात, तेच पुढे चार जणांना सांगतात.

पैसे मागताना कादंबरी पूर्ण आहे की नाही, प्रत कधी मिळेल आणि रक्कम कमी पडली तर काय, हे तिन्ही लिहून द्यावं. काही मंचांवर ठरलेली रक्कम जमली नाही तर सगळे पैसे परत जातात. वाचकाच्या दृष्टीने तीच पद्धत बरी. यूपीआयवर थेट पैसे घेत असाल तर वेगळं बँक खातं ठेवा. ही देणगी नसून पुस्तकाची आगाऊ विक्री आहे, त्यामुळे प्राप्तिकरासाठी तिची नोंद लागते.

एवढी जुळवाजुळव जमणार नसेल, तर पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित तज्ज्ञ तपासतात. वेळ लागतो, पण वाचकांचे पैसे अंगावर राहत नाहीत.