मूत्रल औषधे, थायमिन आणि हृदय

हृदयाची आकुंचनशक्ती क्षीण झाली की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो. शरीरात पाणी कमी पडले असावे, अशा समजुतीने मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. पायांवरील सूज, आडवे होताच लागणारी धाप, रात्री गुदमरून उठून बसणे, ही सारी त्या साठलेल्या पाण्याची लक्षणे होत. त्यावर फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड यांसारखी लघवीचे प्रमाण वाढवणारी, म्हणजेच मूत्रल औषधे दिली जातात. रुग्णाला त्याने झपाट्याने आराम पडतो. हृदयाचा स्नायू मात्र त्यामुळे बळकट होत नाही. त्याच्यावरचा भार तेवढा हलका होतो.

लघवीवाटे पाण्यासोबत सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जाते. पोटॅशियम फार घटल्यास ठोक्यांची लय बिघडते, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी करवतात. थायमिन या ब-१ जीवनसत्त्वाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते पाण्यात विरघळते आणि शरीरातील त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. पिष्टमय पदार्थांतून ऊर्जा मिळवण्यासाठी ते अत्यावश्यक असल्याने अहोरात्र राबणाऱ्या हृदयाला त्याची उणीव लवकर भासते.

ही उणीव पराकोटीला गेली की बेरीबेरी होतो. त्याच्या एका प्रकारात अंगावर सूज येऊन हृदय निकामी होऊ लागते. जावा बेटावर केवळ पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना लकवा होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांनी दाखवले. त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोकण-गोव्यातील उकड्या तांदळात हे जीवनसत्त्व बऱ्याच अंशी टिकते; उकडताना ते कोंड्यातून दाण्यात मुरते.

इस्रायलमध्ये १९९१ साली फ्युरोसेमाइड घेणाऱ्या २३ हृदयरुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी २१ जणांत थायमिनची कमतरता आढळली. पुढे १९९५ मध्ये तेथेच ३० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात थायमिन दिल्यावर हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता सुधारल्याचे दिसले. आशा वाढल्या. परंतु हे अभ्यास लहान होते. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६९ रुग्णांच्या चाचणीत सहा महिने रोज २०० मिलिग्रॅम थायमिन देऊनही ही क्षमता वाढली नाही. सरसकट सर्वांना गोळी देण्यास म्हणूनच आज आधार नाही. वृद्ध, आहार तुटलेले, मद्यपी आणि मूत्रल औषधांचा मोठा डोस दीर्घकाळ घेणारे यांच्यात कमतरतेचा संशय घेणे मात्र रास्त ठरते. ती असल्यास भरून काढणे स्वस्त आणि बहुधा निर्धोक असते.

पोटॅशियमचे तसे नाही. स्पायरोनोलॅक्टोन हेही मूत्रलच, पण ते पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. रॅमिप्रिलसारखी औषधेही तेच करतात. त्यांच्या जोडीला ‘लघवीतून जाते’ म्हणून परस्पर पोटॅशियमचे औषध किंवा पोटॅशियमयुक्त मीठ सुरू केल्यास रक्तातील प्रमाण धोकादायक वाढून हृदय बंदही पडू शकते. याउलट, वारंवार उठावे लागते म्हणून लघवीची गोळीच बंद करणाऱ्यांच्या फुफ्फुसांत काही दिवसांत पुन्हा पाणी भरू शकते. अशांनी गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी आणि रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.