प्रश्न कोणाचा?

२०२० च्या पावसाळ्यात मी कंपनीचं काम पवन मावळातल्या गावाकडून करत होतो. रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर. मी तिथे लॅपटॉप उघडला की शेजारी चार-पाच पोरं एका मोबाईलभोवती बसायची. शाळेचा व्हिडिओ अडकला की सातवीतली एक मुलगी पाचवीतल्या भावाला फरशीवर कोळशाने अपूर्णांक समजवायची. मला वाटलं, ऑनलाइन शिक्षणाने पोरांना एकमेकांना शिकवायला लावलं. पण ही रीत फार जुनी निघाली.

इंग्रजी अमलाआधी मराठी मुलखात पंतोजी एकटेच सगळ्या वयाच्या पोरांना सांभाळायचे. धूळपाटीवर अक्षरं गिरवणाऱ्या धाकट्यांना शिकवायचे ते थोरले विद्यार्थी. तिकडे मद्रासच्या एग्मोरमध्ये अनाथालय चालवणाऱ्या अँड्र्यू बेलने मलबारी शाळेतली पोरं वाळूत अक्षरं काढताना पाहिली. त्याच्या शिक्षकांना ही पद्धत पटेना, म्हणून त्याने जॉन फ्रिस्कीन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच शिकवायला बसवलं. १७९७ मध्ये बेलने लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने तिथे शाळा काढली. त्याच्या पद्धतीत शेकडो मुलांना मास्तर एक, बाकी सगळे मॉनिटर. १८२० च्या दशकात हीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांत आली.

पण या पद्धतीत एक गोम होती. मॉनिटरला धडा आधी पाठ करून दिला जाई आणि तोच त्याने पुढे घोकून घ्यायचा. थोड्या पैशांत जास्त मुलं शिकवायची, हा हिशेब. पोरं शिकवत होती, पण काय शिकायचं ते ठरवत नव्हती.

सुगत मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवून पोरांना मोकळं सोडलं. २०१३ च्या टेड पुरस्कारातून त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळांपैकी एक आपल्या फलटणला होती. तिथे मोठा माणूस प्रश्न टाकून बाजूला होतो आणि उत्तर मुलं गटात मिळून शोधतात. एक पाऊल पुढे, तरी पहिला प्रश्न बहुतेकदा मोठ्यांचाच.

ओट्यावरच्या त्या मुलीने एकदा व्हिडिओ बंद करून सर्चमध्ये टाइप केलं होतं : धरणाचे दरवाजे किती उघडायचे ते कसं ठरवतात? पवना भरत आलं होतं. त्या दिवशीच्या धड्यात हे कुठेच नव्हतं. आज मी शिकवणीच्या अ‍ॅपसाठी कोड लिहितो. त्यात मुलं एकमेकांच्या शंका सोडवतात, पण शंका धड्यातलीच हवी. ही अट मीच लिहिली आहे. आपणही मॉनिटरच घडवतोय का, हे मला आता टीमला विचारायचं आहे.