तरते तोवर नाव सोडू नये

आमच्या कोकणच्या कोळ्यांनी पावसाळ्याशी केव्हाच तह करून टाकला आहे. मृगाआधी होड्या वर ओढायच्या आणि नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावाचून त्या पाण्यात लोटायच्या नाहीत. पण भर समुद्रात तुफानाने गाठलेच, तर शिडाच्या नावेने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर १९७९ साली इंग्लंड-आयर्लंडच्या दर्यात फार महाग पडले.

इंग्लंडच्या काउझ बंदरातून निघायचे, आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि प्लिमथला परतायचे, अशी ती तेव्हा सुमारे ६०५ सागरी मैलांची शर्यत होती. ११ ऑगस्टला ३०३ नौका निघाल्या. १३ तारखेच्या रात्री वारा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास गेला. लाटा डोंगरासारख्या उठून माथ्यावर फुटू लागल्या. अशी लाट कुशीवर आली, की नाव आडवी व्हायची. काही तर पुऱ्या उलट्या होऊन पुन्हा सरळ झाल्या.

अशा वेळी खलाशापुढे तीन वाटा असतात. सगळी शिडे उतरवून नाव लाटांच्या स्वाधीन करावी. लहानसे शीड आणि सुकाणू यांचा मेळ घालून तिला वाऱ्यापुढे थोपवून धरावे. किंवा वाऱ्याकडे पाठ करून धावावे आणि वेग आवरण्यासाठी मागे लांब दोर सोडावेत. पुढे चौकशी झाली, तेव्हा रामबाण उपाय असा एकही सापडला नाही. मात्र ज्यांनी थोडा वेग राखून नाव ताब्यात ठेवली, ते बरे निभावले. साहजिकच आहे, नाव थांबली की सुकाणूही लुळे पडते.

त्या वादळात १५ स्पर्धक दगावले. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी बुडाल्या फक्त पाच! सातजण रबरी तराफ्यांचा आश्रय घेताना प्राणांस मुकले, आणि त्यांनी सोडलेल्या नौका मागाहून तरंगताना सापडल्या.

त्यांना दोष कोण देणार? मोडलेली डोलकाठी, आत गुडघाभर पाणी आणि काळोख! अशा वेळी कोरडा तराफा आईच्या कुशीसारखा वाटला तर नवल नाही. म्हणूनच जाणते दर्यावर्दी सांगतात, तराफ्यात खाली उतरायचे नसते, वर चढायचे असते. नाव पायांखालून इतकी खाली गेली, की मगच तिचा निरोप घ्यावा.